किल्ल्या कोणाच्या हाती?

घराच्या दाराला कुलूप कोणते लावावे हे ठरविण्यासाठी माणूस चार दुकाने हिंडतो. घरकामास बाई ठेवावयाची किंवा बागायतीवर राखणदार नेमावयाचा, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केल्याखेरीज तो होकार देत नाही. परंतु संगणकाच्या ज्या खिडकीतून आज आपला निम्माअधिक व्यवहार चालतो, त्या खिडकीशी कोणाला आणून बसवावे, हा निर्णय मात्र तोच माणूस एका क्लिकसरशी आणि बहुधा कंटाळून घेऊन टाकतो. ही खिडकी म्हणजे ब्राउझर. जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहणे, वीजबिल भरणे, बँकेतील शिल्लक तपासणे, मुलांचे प्रवेशअर्ज भरणे, बोटीवर वा आखातात असलेल्या मुलाचे पत्र वाचणे, ही सारी कामे याच खिडकीतून होतात. त्या खिडकीला आपण होऊन जोडलेल्या लहानसहान साधनांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. वरवर क्षुल्लक वाटणारा हा विषय अग्रलेखाच्या योग्यतेचा आहे, असे आम्हांस वाटते, आणि त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या आत राहून काम करणारी एक छोटी प्रणाली. कोणी जाहिराती अडविते, कोणी पासवर्ड लक्षात ठेवते, कोणी परकीय भाषेतील मजकूर भाषांतरित करून देते, कोणी खरेदीच्या वेळी सवलतीचे कूपन शोधून देते. ही कामे करावयाची तर पानावर काय लिहिले आहे हे तिला वाचता आले पाहिजे आणि प्रसंगी ते बदलताही आले पाहिजे. म्हणूनच ती बसविताना ब्राउझर एक वाक्य समोर ठेवतो. त्याचा आशय असा, की सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती हे साधन वाचू शकेल आणि बदलू शकेल. या वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यावयाचा असतो. सर्व संकेतस्थळे म्हणजे त्यात बँक आली, टपाल आले, डॉक्टरांचा अहवाल आला. वाचणे म्हणजे पडद्यावर जे दिसते ते सारे वाचणे, आणि बदलणे म्हणजे आपल्याला जे दिसेल तेच दुसऱ्या कोणी ठरविणे. इतका विस्तृत अधिकार आपण सख्ख्या भावालाही मुखत्यारपत्राशिवाय देत नाही.

याचा अर्थ ही साधने मुळातच त्याज्य आहेत, असा मात्र नाही. त्यांतील काही इतकी उपयुक्त आहेत, की ती न वापरणे हाच निष्काळजीपणा ठरावा. अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना सूचना दिली, की शोधयंत्राच्या निकालांत खऱ्या कंपन्यांची नावे धारण करणाऱ्या फसव्या जाहिराती येतात, तेव्हा शोध घेताना जाहिराती अडविणारे एक्स्टेन्शन वापरावे. पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनाचा एक गुण तर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल केलेले खोटे पान माणसाच्या डोळ्यांना फसवते. हे साधन मात्र पानाचे रूप न पाहता पत्ता पाहते, आणि पत्ता जुळला नाही तर पासवर्ड भरण्यास पुढे येत नाही. अर्थात ही तिजोरीही अभेद्य नव्हे. २०२२ साली लास्टपास या प्रसिद्ध सेवेच्या ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांच्यावर धोक्याची टांगती तलवार राहिली. तथापि एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्याच्या आपल्या सार्वत्रिक सवयीपेक्षा अशी तिजोरी केव्हाही बरी.

खरा प्रश्न आहे तो विश्वास कोणावर ठेवावा आणि ठेवलेला विश्वास किती काळ टिकतो, हा. गेल्या दहा वर्षांतील काही प्रकरणे पाहिली म्हणजे विश्वासघाताचे निरनिराळे मार्ग स्पष्ट होतात.

पहिला मार्ग विक्रीचा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक एक्स्टेन्शन होते. उघडे ठेवलेले पण न वापरले जाणारे टॅब निजवून संगणकाची स्मृती वाचविणे, एवढेच त्याचे काम. ते विनामूल्य होते, त्याची संहिता सर्वांना पाहण्यास खुली होती आणि सुमारे २० लाख लोक ते वापरीत. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते एका अनोळखी पक्षास विकले. वापरणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना याचा पत्ताही नव्हता. पुढील आवृत्त्यांत संशयास्पद संहिता आढळली, जाणकारांनी गिल्ला केला आणि अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून आपल्या भांडारातून काढून टाकले. ज्यांनी ते बसविले त्यांनी निवड करताना कोणतीच चूक केली नव्हती. त्यांनी निवडलेला माणूस निघून गेला होता आणि त्याच्या जागी दुसराच कोणी बसला होता.

दुसरा मार्ग धंद्याचा. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हे एक्स्टेन्शन कोणते संकेतस्थळ विश्वासार्ह आणि कोणते नाही, याचा निवाडा करीत असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीआर या जर्मन नभोवाणी संस्थेच्या पत्रकारांनी उघडकीस आणले, की हा विश्वासाचा पारखी वापरणाऱ्यांचा भ्रमंतीचा इतिहास गोळा करून तो इतरांस पुरवीत होता, आणि नावे गाळली आहेत असे म्हटले तरी त्यांतून माणसे ओळखता येत होती. ‘अवास्ट’ ही तर संगणकाला विषाणूंपासून वाचविणारी नामांकित कंपनी. पाळत रोखण्याचे आश्वासन देणाऱ्या तिच्या साधनांनीच ग्राहकांची भ्रमंती नोंदवून ठेवली आणि ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत ती विकली गेली. जानेवारी २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास बंदी घातली. राखणदारच कुंपणाच्या काठ्या विकू लागला, तर दुसरे काय होणार!

तिसरा मार्ग सरळ चोरीचा. २४ डिसेंबर २०२४ रोजी ‘सायबरहेवन’ या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या भांडाराकडून आल्यासारखे भासणारे पत्र आले. नियमभंगामुळे तुमचे एक्स्टेन्शन काढून टाकण्यात येईल, अशी त्यात धमकी होती. घाबरून त्याने दुव्यावर जाऊन परवानगी दिली आणि चोरांनी त्या परवानगीच्या बळावर एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती नाताळच्या दिवशी प्रसृत केली. ती आपोआप सुमारे ४ लाख वापरणाऱ्यांच्या वाट्याला येण्याजोगी होती. कंपनीने एका दिवसाच्या आत ती मागे घेतली हे खरे. परंतु याच पद्धतीने इतरही कित्येक एक्स्टेन्शन्स ग्रासली गेली असल्याचे पुढे आढळले. विशेष असे, की सायबरहेवनचा व्यवसायच मुळी कंपन्यांची माहिती बाहेर फुटू न देण्याचा. जेथे वैद्यच आजारी पडतो, तेथे रोग्याने आपल्या प्रकृतीविषयी फाजील खात्री बाळगू नये.

चौथा मार्ग याहून सूक्ष्म आहे. ‘हनी’ हे खरेदीतील कूपने शोधून देणारे एक्स्टेन्शन पेपाल कंपनीने २०२० साली सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून घेतले. ग्राहकास फुकट मिळणाऱ्या वस्तूची ही किंमत! ती कोठून वसूल व्हावयाची, असा प्रश्न तेव्हाच पडावयास हवा होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर जाहीर आरोप झाला, की एखाद्या लेखकाने वा चित्रफीतकाराने ग्राहकाला दुकानापर्यंत आणले, तरी शेवटच्या क्षणी हे साधन मध्ये पडून दलालीवर स्वतःचे नाव लावून घेते. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या भांडाराचे नियम बदलले आणि वापरणाऱ्याला प्रत्यक्ष लाभ होत नसेल तर असे दलालीचे संकेत घालता येणार नाहीत, असे ठरविले. या प्रकारात ग्राहकाचा पासवर्ड कोणी चोरला नाही. पण त्याच्या खिडकीत बसून तिसऱ्याच्या खिशात हात घालण्याचा आरोप झाला, हे विसरता येत नाही.

खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखण्यासाठी बांध घातलेला असतो आणि बांधात मानशीचे दार असते. भरतीला ते मिटावे, ओहोटीला उघडावे, म्हणजे शेतातील जादा पाणी निघून जाते आणि खारे पाणी आत शिरत नाही. पण मानशीवर मासळीही मिळते, आणि म्हणून तिचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याचे चित्त मासळीवर राहिले व दार अवेळी उघडे पडले, की शेत खारावते. यात दाराचा दोष नसतो; ते कोणाच्या हितासाठी उघडते आणि मिटते, एवढाच प्रश्न असतो. एक्स्टेन्शनच्या बाबतीत हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

भांडार चालविणाऱ्या कंपन्या यावर काय करतात? गूगलने एक्स्टेन्शन्ससाठी नवी नियमचौकट आणली आणि २०२४ व २०२५ या दोन वर्षांत क्रोममधून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद केली. बाहेरून संहिता आणून चालविण्यास या चौकटीत मनाई आहे, आणि ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु याच चौकटीमुळे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे रेमंड हिल यांचे सर्वांत समर्थ जाहिरात-रोधक साधन क्रोममध्ये चालेनासे झाले आणि त्याची ‘लाइट’ ही सौम्य आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये मूळ साधन पूर्ववत चालते. सुरक्षिततेचे कारण खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे, तिनेच जाहिराती अडविण्याची मर्यादा आखावी, यात हितसंबंधांचा पेच आहे आणि तो कितीही तांत्रिक भाषा वापरली तरी झाकत नाही. दुसऱ्या बाजूलाही सारेच सोवळे आहेत, असे नव्हे. ‘ॲडब्लॉक प्लस’ या साधनाने २०११ पासून काही जाहिरातींना ‘स्वीकार्य’ म्हणून वाट मोकळी ठेवली आणि मोठ्या जाहिरातदारांकडून त्यासाठी पैसे घेतले. म्हणजे वाट अडविणाराच नाका वसूल करू लागला!

येथे आमच्याविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. वृत्तपत्रे जाहिरातींवर जगतात. तेव्हा जाहिराती अडविण्याचा सल्ला वृत्तपत्रानेच द्यावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु छापील जाहिरात आणि आंतरजालावरील जाहिरात यांत मूलभूत भेद आहे. कागदावरची जाहिरात वाचक पाहतो. जाहिरात वाचकाला पाहत नाही. सोनाराच्या पेढीची जाहिरात वाचून वाचकाने पान उलटले, की त्या पेढीचा मनुष्य त्याच्या मागोमाग देवळात, दवाखान्यात आणि बँकेत जात नाही. आंतरजालावर नेमके तेच घडते. वाचकाने रोष धरला असेल तर तो पाठलागावर, जाहिरातीवर नव्हे. या साधनांत विशिष्ट संकेतस्थळापुरती सूट देण्याची सोय असते. ज्या वृत्तपत्रावर वा नियतकालिकावर आपला विश्वास आहे त्याला ती सूट द्यावी आणि ज्यांनी विश्वास गमावला त्यांना देऊ नये, इतका विवेक वाचकाने ठेवला तर पत्रकारितेचे अकल्याण होणार नाही.

मग निवड कशी करावी? पहिली कसोटी गरजेची. जे काम ब्राउझर वा संगणक स्वतःच करतो, त्यासाठी परक्याला घरात घेऊ नये. न वापरलेले टॅब निजविण्याची सोय आता क्रोम व एज या ब्राउझरांत अंगभूतच आहे. सुरक्षित जोडणीचा आग्रह धरणारे ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ हे इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनचे एक्स्टेन्शन २०१० मध्ये निघाले. पुढे ब्राउझरच ते काम करू लागले, तेव्हा संस्थेने २०२३ मध्ये ते मानाने निवृत्त केले. आपले काम संपले हे ओळखून निरोप घेणारे असे उदाहरण विरळाच. मराठी वा कोकणी टंकलेखनासाठीही अनेकजण एखादे अनोळखी एक्स्टेन्शन बसवितात. टंकलेखनाचे साधन म्हणजे आपण लिहिलेले प्रत्येक अक्षर वाचणारे साधन. विंडोजमध्ये मराठीचा व कोकणीचा देवनागरी कळफलक मुळातच असताना ही जोखीम कशासाठी पत्करावी?

दुसरी कसोटी कर्त्याची. हे कोणी केले, तो आपला निर्वाह कशावर चालवितो आणि त्याची संहिता तपासण्यास खुली आहे काय, हे पाहावे. रेमंड हिल यूब्लॉक ओरिजिनसाठी देणगीही घेत नाहीत. पाळत ठेवणाऱ्यांना अडविणारे ‘प्रायव्हसी बॅजर’ हे वर उल्लेखिलेल्या संस्थेचेच आहे आणि ती संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. पासवर्डसाठी ‘बिटवॉर्डन’ची संहिता खुली आहे आणि तिचा खर्च वर्गणीदारांवर चालतो. नावांत मात्र सावधगिरी हवी. ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ यांचे मालक वेगळे आहेत. म्हणून भांडारात नाव शोधण्यापेक्षा कर्त्याच्या मूळ स्थळावरील दुव्याने जावे. मोझिला २०१९ पासून काही निवडक एक्स्टेन्शन्स स्वतः तपासून ‘शिफारस’ देते. फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी तिचा लाभ घ्यावा. केवळ लाखो लोक वापरतात म्हणून एखादे साधन सुरक्षित मानू नये, कारण ग्रेट सस्पेंडरही लाखो लोक वापरीत होते.

तिसरी कसोटी प्रमाणाची. कामापुरताच अधिकार मागितला आहे काय? पानाचा रंग बदलणाऱ्या वा हवामान सांगणाऱ्या साधनाने सर्व संकेतस्थळांचा ताबा मागितला, तर त्यास नम्रपणे निरोप द्यावा. क्रोममध्ये एखादे एक्स्टेन्शन फक्त क्लिक केल्यावर किंवा ठरावीक स्थळांपुरतेच चालावे, असेही ठरविता येते. नवी परवानगी लागली तर ब्राउझर पुन्हा विचारतो. पण आधीच सर्वाधिकार दिलेले असले तर विचारण्याचे कारणच उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. बँकेच्या कामासाठी खाजगी खिडकी उघडावी. तेथे एक्स्टेन्शन्स आपण मुद्दाम मुभा दिल्याखेरीज चालत नाहीत. आणि चतुर्थीपूर्वी आपण जसे घर झाडून काढतो, तशी ही यादीही वर्षातून दोन-चार वेळा झाडावी. ज्याचे काम आठवत नाही, ते काढून टाकावे. एखादे साधन घातक ठरल्याचे कळले, तर ते काढणे पुरेसे नाही. महत्त्वाचे पासवर्डही त्याच दिवशी बदलावेत. पैसे गेल्याचे आढळले तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या दक्षतेवर सोडता येणार नाही. पतसंस्था, शाळा, पंचायती, हिशेबतपासनिसांची कार्यालये येथील एका संगणकावर शेकडो लोकांची माहिती असते. कोणते एक्स्टेन्शन बसविता येईल याची मान्य यादी ठरवून बाकी सारी बंद ठेवण्याची सोय क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत व्यवस्थापकांसाठी आहे. तिला वेगळा पैसा लागत नाही, केवळ इच्छा लागते. ठेवीदारांनी वार्षिक सभेत लाभांशाविषयी जसे विचारावे, तसे याविषयीही विचारावे.

कायद्याचेही कर्तव्य येथे उभे राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. संमती स्वेच्छेची, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी, असे हा कायदा म्हणतो. सर्व संकेतस्थळे वाचण्याची मुभा देणारे एक ओझरते वाक्य या व्याख्येत कितपत बसते, हे संबंधितांनी एकदा तपासून पाहावे. आमची मागणी साधी आहे. एक्स्टेन्शनची मालकी बदलली, की वापरणाऱ्याला ते स्पष्ट शब्दांत आणि त्याच्या भाषेत कळविले जावे, आणि त्याने नव्याने संमती देईपर्यंत ते साधन निष्क्रिय राहावे. कूळ बदलले तर भाटकाराला सांगावे लागते. येथे मालकच बदलतो आणि घरधन्याला पत्ता नसतो, ही स्थिती न्यायाला धरून नाही.

सोय ही वाईट गोष्ट नव्हे. आयुष्य सुकर करणाऱ्या साधनांना नाक मुरडणे हा आमचा हेतू नाही. परंतु सोयीच्या मोबदल्यात आपण काय देत आहोत, हे देण्यापूर्वी समजले पाहिजे. निवडीचा अधिकार अद्याप आपल्या हाती आहे, आणि तो वापरावयास पाच-दहा मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही. वाचकांनी आजच आपल्या ब्राउझरमधील यादी उघडून पाहावी. तेथे बसलेल्यांपैकी कितीजणांना आपण ओळखतो, याचे उत्तर ज्याचे त्याला मिळेल; आणि ज्यांना ओळखत नाही त्यांना दार दाखविण्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.